बाळ झोपलंय, कुटत राहा

"पोऱ्याले दणकानी सवय लावू नको, पोरी," गजराबाईंनी सुनेला पहिल्याच दिवशी बजावले होते. प्रमिलाबाई नुसत्या हसल्या. त्या पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्या. सवय कशी लागते आणि कशी मोडते, यावर एक जाडजूड पुस्तकच त्यांच्या ट्रंकेत होते.

झाले होते असे. शहाद्याच्या त्यांच्या घराची मागची पडवी कोसळली. गजराबाईंनी पडझड नदीकाठी टाकायला बैलगाडी बोलावली, ती प्रमिलाबाईंनी दारातूनच परत पाठवली. "पक्क्या विटा आहेत, सासूबाई! कुटल्या की सुरखी होईल. चुन्यात कालवली की दगडासारखी घट्ट बसते. छान न्हाणीघर बांधू."

विटा कुटायला तोरणमाळकडच्या मजूर रूपलीबाई आणखी तिघींना घेऊन आल्या. चार धुमस, लांब दांड्यांचे जड ठोकळे, एका तालात विटांवर पडू लागले. आणि काय नवल, दात येत असल्यामुळे आठ दिवस धड न झोपलेले बाळ डाराडूर झोपले! प्रमिलाबाईंनी त्याच्या नाकाशी तीनदा बोट धरून पाहिले. झोपच होती.

चौथ्या दिवशी विटा संपल्या. दणका थांबताच बाळाने असा टाहो फोडला, की त्याचे तोंड काळेनिळे पडले.

"रूपलीबाई, थांबू नका!"

"काय कुटू, बाई? इटा संपल्या. आता तुझं कपाळ कुटू?"

प्रमिलाबाईंनी भिरभिरत्या नजरेने परसाकडे पाहिले. "गोठ्याची भिंत पाडा. नाहीतरी कललीच आहे."

"आन् ढोरं कोठे बांधू? मन्हा डोकावर?" गजराबाई ओरडल्या, पण भिंत तोवर पडली होती. तिच्यामागून अंगणाची भिंत गेली. ती म्हणे उजेड अडवत होती. सुरखीचा ढीग छपराला टेकला. न्हाणीघर बांधायला मात्र एक वीट उरली नाही.

पंधरा दिवसांनी प्रमिलाबाईंचे यजमान बन्सीलाल परतले. ते ओव्हरसियर, म्हसावदच्या रस्त्यावर ओढ्याची मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधण्याच्या कामावर होते. गल्लीतच ते थबकले.

"माय, आपलं घर कोठे गयं?"

"पुढलं शे. मांगलं तुन्ही बायकोनी कुटी टाकं."

बन्सीलाल तरातरा मागे गेले. काही बोलणार, तोच प्रमिलाबाईंनी ओठांवर बोट ठेवले.

"हळू! बाळ झोपलंय."

चार धुमस जमीन हादरवत होते. बन्सीलालांनी रागाने मूठभर सुरखी उचलली, चिमटीत चोळली, आणि त्यांचा चेहरा बदलला. "अगं, ही तर मैद्यासारखी आहे! तिकडे ठेकेदार सुरखीच्या नावाने मातीच पाठवतोय. मोरी अडलीय माझी. सगळा ढीग मी नेतो. या बायकाही हव्यात. जुन्या मोरीच्या विटा कुटायच्या आहेत."

"आणि बाळ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन गाड्या म्हसावदला निघाल्या: दोन सुरखीच्या, एक माणसांची. आता कामावरच्या लिंबाखाली झोळी टांगली आहे, शेजारी धुमस पडताहेत आणि बाळ घोरते आहे. दोन दातही आले. मोरीही झकास चालली आहे.

गजराबाई तेवढ्या घर राखायला मागे राहिल्या. पण परवा गाडीवाल्याने निरोप आणला: म्हातारीला दुपारी झोपच लागत नाही, आणि काल तिने कुणाकडून तरी धुमस मागून आणला आहे.

तेव्हा वाचकहो, शहाद्यावरून जाणार असाल, तर गजराबाईंकडे जरा डोकावून याल? दाराशी हाक मारा. दार अजून असेल तर.