माशाचं बारसं

एकोणीसशे पन्नासच्या दशकात अमरावतीच्या मासळीबाजारात एक गिऱ्हाईक असं होतं, ज्यानं आयुष्यात मासा खाल्ला नव्हता. भिक्षुकाच्या घरात जन्मलेले, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक देहणकर सर, आमचे शेजारी. रविवारी ते धोतराचा सोगा सावरत जात, माशांचे जबडे उघडून आत बघत आणि रिकाम्या पिशवीनं परत येत.

"घेनं ना देनं, अन् दात काहून पाहून राहिले मास्तर?" एक भोईण म्हणाली. "पोरगी देयाची हाय का त्याले?"

"याच्या दूरच्या भाऊबंदाचा दात माझ्या खिशात आहे," सर शांतपणे म्हणाले.

तो खरोखरच होता. कॉलेजची सहल सालबर्डीच्या डोंगरात गेली असताना सरांना दगडात सापडलेला. अंगठ्याच्या पेराएवढा, उघडलेल्या पंख्यासारखा. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या कुळातल्या माशांचे पोहायचे पर मांसल, आत हाड असलेले. अशाच परांचे पुढे पाय झाले, असं सर सांगत आणि ऐकणाऱ्याच्या पायांकडे बघत.

पुस्तकांतल्या कुठल्याही दाताशी तो जुळेना. जात नवी होती. नव्या जातीचं वर्णन लिहिताना ती इतरांहून वेगळी कशी, हे आधी सांगावं लागतं. सरांना तीच सवय जडली. नवा भाडेकरू चांगला आहे म्हटलं की म्हणत, "चांगले सगळेच. वेगळेपण सांगा." त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, वरणालाही हा नियम होता. काकू म्हणत, "कालच्यापेक्षा गार आहे. लिहून घ्या."

वर्णन पूर्ण झालं. नावाची जागा कोरीच राहिली. तेवढ्यात कलकत्त्याच्या एका संशोधकालाही तसाच दात मिळाल्याचं कळलं. जो आधी छापील, जात त्याची. इतक्या वर्षांचं काम एका शब्दासाठी अडलं होतं.

"सालबर्डीचं नाव द्या ना," मी म्हटलं.

"नाव आत्या ठेवते," सर म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यांची थोरली बहीण कुसुमताई अकोल्याला असत. सर-काकूंना मूल नव्हतं. ताई दर खेपेला "काही बातमी?" विचारत. एकदा सर म्हणाले, पुन्हा येऊ नकोस. त्या आल्या नाहीत. त्याला एक तप होऊन गेलं होतं.

मला वर्तमानपत्राच्या कामासाठी अकोल्याला जायचं होतं. सर सोबत निघाले.

ताई ओसरीत तूर पाखडत होत्या. "आता काहून आला?" सूप चालूच होतं.

"नाव ठेवायचंय."

सूप थांबलं. ताईंनी पन्नाशीच्या भावाकडे पाहिलं. सरांनी रुमालाची गाठ सोडली.

"हा दगड?"

"मासा आहे."

"अन् मी याची आत्या?"

"मग दुसरं कोण?"

ताईंनी दात तळहातावर घेतला. "नक्षत्र?"

"ठाऊक नाही."

"मुलगा का मुलगी?"

"दातावरून कळत नाही."

"अन् म्हणे प्रोफेसर झाला. कान कुठं आहे याचा?"

"नव्हता त्याला."

मग ताई वाकल्या आणि भावाच्याच कानात काही बोलल्या. "सांगून यायचं. घुगऱ्या भिजवल्या असत्या," असं म्हणत ताईंनी आमच्या हातांवर साखर ठेवली.

परतताना बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा मी नाव विचारलं.

"किरण."

शेजारामुळे मला थोडं शास्त्र कळू लागलं होतं. बाजारातल्या माशांच्या परांत काड्या असतात. त्यांना सर किरण म्हणत. हा मासा त्यांतला नव्हताच.

"सर, हे तर उलटं झालं."

"उलटंच आहे. कलकत्त्याला हसतील. लेख उद्याच्या टपालानं जाईल, तसाच."

"दुसरं मागायचं होतं."

सरांनी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल, असं हे नाव 'काही बातमी?' विचारायची तेव्हाच तिनं शोधून ठेवलं होतं," सर म्हणाले. "इतक्या वर्षांत कोणाला दिलं नाही. स्वतःच्या नातवालाही नाही."