बस शेडमध्येच आहे

कोणतेही काम आपल्या ताटातून उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढले की ते कमी होते, हे सुव्यवस्थेचे पहिले तत्त्व आहे. हडपसरच्या एका शाळेने ते आपल्या बसच्या ॲपला लावले.

शाळेचा नियम चोख होता. बस थांब्यावर येताना पालक हजर नसेल, तर मूल परत शाळेत जाईल. असे तीनदा झाले, तर बसमधली जागा रद्द. (नियम मुलांच्या हिताचा असल्याने मुले रडत.) आप्पासाहेबांची नात शेफाली दोनदा परत गेली होती, कारण 'बस कुठे आहे?' याचे उत्तर ॲपवर बस निघून गेल्यावर येई.

आप्पासाहेबांनी चौतीस वर्षे तिसरीला शिकवले होते. समजले नाही तर विचारावे, ही जुनी खोड. ते शाळेच्या संगणक विभागात गेले.

"आजोबा, सगळं लॉजिक आम्ही ॲपमधून काढून डेटाबेसच्या व्ह्यूमध्ये टाकलंय," तिथली वल्लरी म्हणाली. "ॲपचं काम अठ्ठ्याण्णव टक्के कमी! टीमला अवॉर्ड मिळालं."

"व्ह्यू म्हणजे साठवलेलं उत्तर?"

"नाही, साठवलेला प्रश्न. दर वेळी नव्यानं सोडवायचा. हा व्ह्यू दुसऱ्या व्ह्यूला विचारतो, तो तिसऱ्याला. असे नऊ."

"आणि नववा?"

"तो सगळ्या बसच्या सगळ्या फेऱ्या काढतो. शाळा सुरू झाल्यापासूनच्या."

"एका बससाठी?"

"बाकीच्या नंतर गाळतो ना!"

"बाळ, एका मुलाची उंची घ्यायला मी अख्खी शाळा मैदानात उभी करत नसे. आधी त्याला बाजूला घ्यायचं, मग मोजायचं."

ही सूचना समितीपुढे गेली. समितीने वयाचा मान राखून ती फेटाळली आणि जलद उपाय मंजूर केला : उत्तर रोज पहाटे एकदाच काढून ठेवावे, दिवसभर तेच द्यावे. अकरा मिनिटे लागणारे उत्तर एक दशांश सेकंदात येऊ लागले. समाधानी पालक : सत्त्याण्णव टक्के. (उरलेल्या तीन टक्क्यांनी बस पाहिली होती.)

सोमवारी आप्पासाहेब जेवण आटोपून तासभर आधीच थांब्यावर उभे राहिले. बस आली. खिडकीतून शेफालीने हात हलवला. मुले उतरवणाऱ्या विमलाबाईंनी दारातच फोन पाहिला.

"मुलगी देता यायची नाही, आजोबा. बस कात्रजच्या शेडमध्ये आहे."

"अहो बाई, तुम्ही बसच्या पायरीवर उभ्या आहात."

"मी आहे हो. नोंद नाही."

"मग मी आलोय, हे तरी लिहा."

"पालकांची हजेरी बस आल्यावरच लागते."

सबब पालक गैरहजर. शेफालीच्या नावापुढे तिसरी खूण पडली आणि शेडमधली बस तिला घेऊन वळली.

आप्पासाहेब साक्षीदार शोधायला मागे फिरले. थांब्यावर पंधराएक पालक उभे होते; त्यांचीही मुले त्याच बसमध्ये होती. पण उत्तर इतके झटपट आल्याबद्दल सगळे ॲपला पाच तारे देण्यात गुंतले होते. त्यांत, वाचकहो, आपणही होतात म्हणे. आपली मान फोनमध्ये खाली असल्यामुळे आप्पासाहेबांना ओळख पटली नाही.