निम्म्या किमतीचं स्टिकर

जेवताना बायकोच्या तोंडी रोज परपुरुषाचं नाव येऊ लागलं, की बांगड्याचे काटे जरा जास्तच टोचतात. र्योताचं अजून लग्नसुद्धा झालं नव्हतं, तरी काटे टोचत होते.

"शेवटचा बांगडा होता हं," चिनात्सु डब्याचं झाकण काढत म्हणाली. "इगाराशीसान आले, स्टिकर लावलं आणि माझ्याकडे बघून हसले. कसला हळुवार हात आहे रे त्यांचा! स्टिकरचा कोपरासुद्धा दुमडत नाही."

"स्टिकर लावायला काय हळुवार हात लागतो? गाईच्या पाठीवर शिक्का मारायचाय का?"

"तू लावून बघ."

इगाराशी स्टेशनमागच्या सुपरमार्केटात कामाला होता. संध्याकाळी साडेसात वाजले की उरलेल्या तयार पदार्थांवर तो निम्म्या किमतीची पिवळी स्टिकरं लावत फिरायचा, आणि त्या पिवळ्या कागदावर या दोघांचा संसार चालला होता. मार्चमध्ये दोघांची शाळा संपली आणि एप्रिलमध्ये त्यांनी एका खोलीचं घर भाड्याने घेतलं. तो बेअरिंगच्या कारखान्यात लागला, ती लॉन्ड्रीत. चिनात्सुचे वडील ओनोदेरा यांनी तेव्हाच बजावून ठेवलं होतं, "ऑगस्टमधल्या बोनच्या सणापर्यंत घरून एक येन न मागता राहून दाखवा. नाहीतर पोरगी परत माझ्या घरी." त्यामुळे पगार झाला की भाडं, वीज, फोन, जेवण अशी पाकिटं भरून ती फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावली जात. जेवणाचं पाकीट सगळ्यात रोडावलेलं होतं. आपण इगाराशीच्या कृपेवर जेवतो हे र्योताला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता.

"त्याला 'सान' कशाला म्हणायचं? स्टिकरवाला म्हण."

"वयाने मोठे आहेत अरे. आईसुद्धा सानच म्हणते."

"आईसुद्धा?"

"मग! हे सगळं आईनेच तर शिकवलं मला. कुठे उभं राहायचं, आपलं लक्षच नाही असं कसं दाखवायचं. लहानपणापासून जातेय मी तिच्याबरोबर."

र्योताला आणखी एक गोष्ट दिसली होती. बाजाराला निघताना चिनात्सु ओठांना काहीतरी लावायची.

"बांगड्यासाठी लाली?"

"ओठ फुटलेत माझे, वेड्या."

जूनच्या दमट हवेत कुणाचे ओठ फुटतात? र्योताने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि जाहीर केलं, "उद्यापासून बाजार मी करणार."

दुसऱ्या दिवशी त्याने शत्रूला पाहिलं आणि जीव आणखीच जळला. इगाराशी तिशीचा, उंच, इस्त्रीचा एप्रन घातलेला आणि दात असे, की टूथपेस्टवाल्यांनी बोलावून न्यावं. त्याच्या आसपास बायका उभ्या होत्या. एक सोया सॉसची बाटली तन्मयतेने वाचत होती, दुसरी छताकडे बघत होती. तळलेल्या चिकनला मात्र कुणी हात लावत नव्हतं, कारण स्टिकर लागेपर्यंत हात लावायचा नाही हा तिथला अलिखित कायदा होता. र्योताला तो कोण सांगणार? त्याने चिकनचा डबा उचलून टोपलीत टाकला आणि इगाराशी जवळ येताच तोच डबा त्याच्यापुढे धरला.

"लावा."

सोया सॉसचं वाचन थांबलं. छताकडची नजर खाली आली.

"माफ करा हं," इगाराशी कमरेत वाकून म्हणाला. "टोपलीत घेतलेल्या वस्तूला स्टिकर लावता येत नाही."

इतक्या गोड आवाजात म्हणाला, की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. डबा परत ठेवता आला असता. पण त्याच्यासमोर? र्योता ताठ मानेने काउंटरवर गेला आणि पूर्ण पैसे मोजून आला. तिथून त्याला सवयच लागली. या माणसाचा पिवळा कागद आपल्या घरात येऊ द्यायचा नाही, असं ठरवून तो रोज पूर्ण भावात आणू लागला.

"स्टिकर कुठंय?" चिनात्सुने विचारलं.

"काढून टाकलं. जेवताना त्याचं तोंड कशाला बघायचं?"

"स्टिकरला तोंड असतं?"

"त्याच्या स्टिकरला असतं."

शनिवारी चिनात्सु लॉन्ड्रीतून फोनवर म्हणाली, "उद्या आईबाबा जेवायला येतायत, लक्षात आहे ना? सुशीचं तबक आण. आणि बाबा पाकिटं बघणारच." र्योताने जेवणाचं पाकीट उलटं करून झटकलं. हजार येनची एकच नोट खाली पडली. तेवढ्यात सुशीचं तबक यायचं तर निम्म्या भावातच. म्हणजे ज्याच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली, त्याच्याच दारात आज हात पसरायचा होता. तसं नाही केलं, तर उद्या चिनात्सु बॅग भरून बापाच्या गाडीत बसणार होती.

जागा अडवायला तो तासभर आधीच पोहोचला आणि तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीमागे शिरला. तिथे आधीच कुणीतरी उकिडवं बसलं होतं. डोक्यावर भुवयांपर्यंत ओढलेली टोपी, तोंडावर मास्क. टोपी वर झाली.

"काका! तुम्ही?"

"हळू बोल," ओनोदेरा खेकसले. "तांदूळ बघतोय."

"खाली बसून?"

ओनोदेरांनी टोपी पुन्हा भुवयांपर्यंत ओढली. ते फटीतून समोर बघत होते. समोर इगाराशी बटाट्याचे कटलेट नीट रचत होता.

"साडेसातला चिनात्सुची आई येईल," ते शेवटी म्हणाले. "केस विंचरून येते. घरी माझ्यासमोर कशी असते ते विचारू नकोस. आणि याच्याशी बोलताना हसते रे! मागे गाढवपणा करून मी तिला दुसऱ्या दुकानात न्यायला लागलो. तीन महिन्यांत खर्च दुप्पट. माझं सगळं मासेमारीचं सामान विकावं लागलं."

र्योताला एकदम गळ्यात पडून रडावंसं वाटलं. पण पोत्यांमागे तेवढी जागा नव्हती. त्याने खिशातून पाकीट काढून पुढे केलं.

"काका, माझं हे झालंय."

"सगळे गेले? कशात?"

"पूर्ण भावात."

ओनोदेरांनी पाकिटात बघितलं, मग त्याच्याकडे. पहिल्यांदाच त्यांनी र्योताकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"मूर्ख आहेस," ते म्हणाले. "बस इथे."

दोघे मिळून फटीतून इगाराशीवर डोळे वटारत बसले. एवढे वटारले, की त्याला ते जाणवलं. तो वळला आणि सरळ पोत्यांकडे चालत आला. दोघांना पळायलाही वाट नव्हती. इगाराशीने टोपीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, शेजारच्या हडकुळ्या पोराकडे पाहिलं, हातातल्या रोडावलेल्या पाकिटाकडे पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. तो परत गेला, सुशीचं सगळ्यात मोठं तबक घेऊन आला, आजूबाजूला बघून त्यावर गुपचूप पिवळं स्टिकर लावलं आणि तबक ओनोदेरांच्या हातात ठेवलं.

"कुणाला सांगू नका," तो हळूच म्हणाला. "पोटभर जेवा."

दोघेही निमूटपणे वाकले.

रविवारी तबक मधोमध ठेवून चौघे जेवायला बसले. चिनात्सु खूश होती. "बघ आई, कोपरा दुमडलेला नाही! इगाराशीसानचाच हात!"

"पण ट्यूना शिल्लक कशी राहिली?" आईने तबक फिरवून पाहिलं. "साडेसातला मी तिथेच होते. हे तबक तेव्हा नव्हतंच. किती वाजता गेला होतास रे?"

"साडेसहाला," र्योता म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"साडेसहाला स्टिकर?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मी इतकी वर्षं जातेय," आई सावकाश म्हणाली. "माझ्यासाठी त्याने पाच मिनिटंसुद्धा आधी लावलं नाही कधी."

"माझ्यासाठीपण नाही," चिनात्सु म्हणाली. तिने काड्या खाली ठेवल्या. "र्योता, काय बोललास तू त्याच्याशी? हसलास त्याच्याकडे बघून?"

र्योताने मान खाली घातली. ओनोदेरांनी फ्रिजवरच्या पाकिटांकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी ट्यूनाचा सगळ्यात जाड तुकडा उचलून र्योताच्या ताटलीत ठेवला.

"यापुढे दोन्ही घरांचा बाजार," ते म्हणाले, "आमचे जावई करतील."