शिलाई मशीनच्या कव्हरातला भोंगा

माणसाला एखादा तरी नाद असावा, असं माझं स्पष्ट मत आहे! कुणी तिकिटं जमवतं, कुणी काडेपेट्यांचे छाप. मी आवाज जमवतो. म्हणजे आवाज करणाऱ्या वस्तू. आमच्या पंतनगरच्या दोन खोल्यांत तुम्ही कधी आलात, तर शाळेची पितळी घंटा, टांग्याची पायघंटी, गार्डची शिट्टी आणि ट्रकचा रबरी फुगा लावलेला हॉर्न असा सगळा ऐवज मी तुम्हाला हौसेने वाजवून दाखवीन. लोक सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तर त्या वर्षी कुर्ल्याच्या भंगारबाजारात मला माझ्या आयुष्यातलं रत्न सापडलं. भोंगा! एकाहत्तरच्या लढाईत शत्रूची विमानं आली तर वाजवायला ठेवलेला, हाताने फिरवायचा, लाल रंगाचा अस्सल सरकारी भोंगा! सेवानिवृत्त होऊन बिचारा एका गंजक्या कुलरखाली पडला होता. भंगारवाला म्हणाला, उद्या भट्टीत जाईल. इतकी वर्षं शहराची काळजी वाहिली आणि शेवटी ही पेन्शन? मी त्याला छातीशी धरून घरी आणला.

दारात मीरा उभी होती. मीरा म्हणजे आमची सौभाग्यवती.

"अहो, हे काय?"

"भोंगा!"

"कशाला?"

मी भोंगा पुसायला घेतला.

"रविवारी अनुपमाला बघायला येतायत," मीरा म्हणाली. "मागचं स्थळ तुमच्या ट्रकच्या हॉर्नने गेलं. मुलाच्या आजीला उचलून रिक्षात घालावं लागलं होतं. आठवतंय ना?"

आठवत होतं. अनुपमा माझी धाकटी, एकुलती एक बहीण. हसरी, हुशार, टेलिफोन खात्यात नोकरीला. त्या प्रकारानंतर ती मला एका शब्दानेही रागावली नव्हती, पण आठवडाभर तिचं हसू गेलं होतं. ते मला फार लागलं होतं. हे स्थळही माझ्यामुळे गेलं असतं, तर मी स्वतःला भंगारात घातलं असतं.

"या वेळी घरात चमच्याचाही आवाज होणार नाही," मी छाती ठोकून सांगितलं. "माझा शब्द!"

बाकीच्या वस्तू पलंगाखाली गेल्या. भोंगा काही जाईना. मग मला एक झकास आयडिया सुचली. शेजारच्या सुंदराबाईंकडे हाताने फिरवायचं शिलाई मशीन आहे. त्यावरचं फुलाफुलांचं कव्हर मी मागून आणलं आणि भोंग्यावर घातलं. काय सांगू, अंगाला मापून शिवल्यासारखं बसलं! बाजूने हँडल बाहेर आलेलं. कोपऱ्यातल्या स्टुलावर कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, वा, घरात शिलाई मशीन आहे!

रविवारी संध्याकाळी परब मंडळी आली. मुलगा नंदकुमार, शांत आणि जरा लाजरा. वडील राजाराम परब माहुलच्या रिफायनरीत आग विझवण्याच्या खात्यात. आई, म्हणजे परबकाकू, अंगापिंडाने मजबूत, नजर चौफेर. माझ्या आईने पोहे आणले. अनुपमा चहाचा ट्रे घेऊन आली आणि मान खाली घालून बसली. सगळं लोण्यासारखं चाललं होतं.

"ह्यां मशीन कोणाचा?" काकूंनी विचारलं.

"अनुपमाचं!" मी म्हणालो. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही! "घरातले सगळे कपडे तीच शिवते."

अनुपमाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

"बरा झाला गो बाय," काकू खूश होऊन उठल्या. "बघूया तरी, टाको कसो पडता तो."

मी "काकू, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी हँडल धरलं होतं. आणि तो हात कोकणात लहानपणापासून जात्यावर तयार झालेला!

पहिल्या फेऱ्याला नुसती गुरगुर झाली. दुसऱ्याला भोंगा कण्हला. घाबरून माणूस हात सोडतो. काकूंचा हात घाबरला की जोरात फिरत असावा. पंधरा वर्षांनी भोंग्याला कंठ फुटला! आवाज चढला, उतरला, परत चढला. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. काकू "आई गे!" म्हणून मागे झाल्या, ते हँडल हातात घेऊनच!

परब ताडकन उभे राहिले. "सगळे भायर! मैदानात चला! गॅस!"

रिफायनरीत भोंगा वाजला की सगळं टाकून मोकळ्या जागेत पळायचं आणि डोकी मोजायची, हे त्यांच्या रक्तात मुरलेलं. त्यांनी काकूंना, माझ्या आईला, मीराला आणि मला अक्षरशः जिन्यावरून ढकलत खाली नेलं, पटांगणात उभं केलं आणि चिमूटभर माती उडवून वारा कुठला ते पाहिलं.

आता तळमजल्यावर राहतात आमचे नाना. एकाहत्तरमध्ये ते या भागाचे वॉर्डन होते. रात्री शिट्टी वाजवत फिरायचे, कुणाच्या खिडकीतून उजेड दिसला की ओरडायचे. लढाई संपली, पण नानांना तसं कुणी लेखी कळवलं नव्हतं. भोंगा ऐकताच त्यांनी माळ्यावरचं पत्र्याचं हेल्मेट चढवलं, मेन स्विच खाली ओढला आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"सगळे आत! जिन्याखाली! कुणी बाहेर पडायचं नाही!"

रविवारची संध्याकाळ, टीव्हीवर हिंदी पिक्चर, आणि अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेली! सुंदराबाई तावातावाने खाली आल्या, त्यांना नानांनी तशाच घरात परत पाठवलं. सर्वांत मागून येत होते अनुपमा आणि नंदकुमार. तिच्या हातात चहाचा ट्रे होता आणि तो धरू लागायला नंदकुमार थांबला होता. नानांनी दोघांना ट्रेसकट जिन्याखाली घातलं.

बाहेर परबांनी डोकी मोजली. "दोन कमी! माझो झील खंय हा? आणि तुमची पोरगी?"

"जिन्याखाली!" मी म्हणालो.

"मोजणी पुरी झाल्याबिगर हयसून कोण हलूचा नाय!"

मी परबांच्या हातातून निसटून जिन्याकडे धावलो. "नाना, पोरांना सोडा!"

"ऑल क्लिअर झाल्याशिवाय नाही. एकसारखा, लांब भोंगा. म्हणजे धोका टळला. नियम आहे, जयवंता!"

"अहो, तो माझाच भोंगा आहे! विमानं नाहीयेत!"

"हे तुला कुणी सांगितलं?"

मी परत पटांगणात आलो. "परबकाका, गॅसबिस काही नाही हो!"

"ह्यां तुमका कोणी सांगल्यान?"

आली का पंचाईत! दोन मुलं मिळाल्याशिवाय परब कुणाला हलू देईनात. ऑल क्लिअर झाल्याशिवाय नाना मुलांना सोडेनात. ऑल क्लिअरला भोंगा हवा, भोंग्याला हँडल हवं, आणि हँडल परबकाकू लाटण्यासारखं हातात धरून परबांच्या रांगेत उभ्या! मीरा माझ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे शत्रूची विमानं परवडली असती.

"काकू," मी हात जोडले, "तेवढं हँडल द्या!"

काकूंनी हाताकडे बघितलं. "अगो बाय माझे! ह्यां माझ्या हातात खंयसून इलां?"

हँडल घेऊन मी जिना चढू लागलो, तर नाना आडवे आले. "ऑल क्लिअर मी देणार. वॉर्डन मी आहे."

"नाना, तुमचे गुडघे..."

"लढाईत मला फक्त शिट्टी दिली होती रे," नाना हळूच म्हणाले. "भोंगा दुसराच फिरवायचा. मला कधी हात लावू दिला नाही."

मी त्यांना धरून वर आणलं. त्यांनी हेल्मेट सारखं केलं, हँडल बसवलं आणि फिरवायला सुरुवात केली. न थांबता, एका लयीत. लांब, एकसारखा, भरलेला आवाज पंतनगरवर पसरला. नानांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि खरं सांगतो, माझ्याही. भट्टीत जाणारी वस्तू होती ती!

खाली उतरून नानांनी मेन स्विच वर केला, लाईट आली. परबांनी वारा पुन्हा तपासून रांग सोडली. सगळे जिन्यापाशी जमलो. पण जिन्याखालचे दोघे काही बाहेर येईनात!

"ऑल क्लिअर झाला!" नानांनी वाकून सांगितलं.

"हो, ऐकलं," आतून अनुपमा म्हणाली. "आलोच."

शेवटी आले. ट्रेमधले दोन कप रिकामे होते. नंदकुमार सरळ काकूंसमोर उभा राहिला. "आई, तिला शिवता येत नाही. बटणसुद्धा लावता येत नाही. तिनेच सांगितलं."

गेलं! हेही स्थळ गेलं! मी अनुपमाकडे बघायचं टाळलं.

"आणि मला मुलगी पसंत आहे," नंदकुमार म्हणाला. "पहिल्याच भेटीत इतकं खरं कुणी बोलतं का?"

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी आधी मुलाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि एकदम पदर तोंडाला लावून गदगदून हसायला लागल्या. "माका तरी खंय कळला, मशीन कसला नि भोंगो कसलो!"

लग्न ठरलं! अट एकच, काकूंची. त्या आमच्याकडे येतील तेव्हा भोंगा घरात नको. मी तो नानांच्या हवाली केला. आता तो त्यांच्या दारात, सुंदराबाईंनी खास शिवून दिलेल्या कव्हरात असतो. नाना रोज त्याला तेल घालतात. अनुपमा सुखात आहे, बटणं नंदकुमार लावतो.

परवाच्या रविवारी मी पिशवी घेऊन निघालो. कुर्ल्याला जुन्या बोटीचं धुक्यात वाजवायचं शिंग आलंय, अशी पक्की बातमी होती. गेटच्या बाहेर पाऊल टाकलं आणि मागून आवाज आला. लांब, एकसारखा.

मी धावत परत आलो. "नाना, काय झालं?"

"काही नाही रे. मीराने सांगून ठेवलंय. तू बाजारात गेलास की ऑल क्लिअर द्यायचा."

"आणि मी परत आलो की?"

नानांनी माळ्यावरचं हेल्मेट खाली काढून हाताशी ठेवलं.