प्रिंटर नसलेल्या घरात

मुलीचा प्रबंध संध्याकाळी सहापर्यंत मार्गदर्शक बाईंना जायचा होता आणि दुपारी दोनला लॅपटॉपने जागा संपल्याचं जाहीर केलं. दुरुस्त्या कशाबशा सेव्ह झाल्या, पण पीडीएफ काही होईना. मुलगी रडकुंडीला आली. तिचे वडील निवृत्त हेडक्लार्क. घरात विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स त्यांनीच आणलेलं, त्यामुळे त्याची सगळी पापं त्यांच्याच माथी.

"तू जरा पड. पाच मिनिटांत जागा करून देतो," ते म्हणाले. त्यांची पाच मिनिटं घराला चांगली ठाऊक होती, पण वाद घालायचं त्राण पोरीत नव्हतं.

त्यांनी सिस्टिममधल्या सामानाची यादी काढली. छपाईचं सामान दिसलं. घरात प्रिंटरच नाही, मग हे हवंय कशाला? काढ म्हणून आज्ञा दिली. लॅपटॉपने बिचाऱ्याने एकशे त्रेचाळीस नावं दाखवून विचारलं, हे सगळं जाईल, काढू? त्यांनी 'हो' दाबलं.

ओळी भराभरा सरकल्या. खिडक्या गेल्या, चित्रं गेली, वायफाय गेलं. उरला काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ.

"झालं का हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"जागा झाली," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

मग खिडकीशी जाऊन त्यांनी हळू आवाजात मेहुण्याला फोन लावला आणि घडलेलं सांगितलं. तो दिवसभर लोकांचे कंप्यूटर दुरुस्त करून वैतागलेला असे.

"दाजी, यादी वाचलीत का?"

"एकशे त्रेचाळीस ओळी कोण वाचतं रे!"

"मग हो कशाला म्हणालात?"

"तीस वर्षं साहेबांनी पुढे केलेल्या कागदाला हो म्हटलं. हात वळतो आपोआप."

मेहुण्याने सुस्कारा सोडला. "एकाला हात लावला की त्याच्या आधाराने उभे असलेले सगळे पडतात. आधी 'नुसतं दाखव, काढू नको' असं सांगायचं असतं. असो. प्रबंध शाबूत आहे, यात फायली जात नाहीत. फोन वायरने जोडा, म्हणजे त्याचं इंटरनेट मिळेल. काय काय काढलं त्याची नोंद असते, ती वाचा आणि सगळं परत बसवा. आणि सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्या पडल्या असतील, त्यातली चालू असलेली आणि तिच्या आधीची ठेवून बाकीच्या काढा. दाजी, या खेपेला वाचून!"

या खेपेला त्यांनी चष्मा पुसून एकेक ओळ वाचली. मान अवघडली, चहा गार झाला. साडेपाचला पडदा उजळला. मुलगी उठून आली, लॅपटॉपपुढे बसली आणि पाच बावन्नला प्रबंध गेला. वडिलांनी गार चहा एका घोटात संपवला.

सव्वासहाला बाईंचं उत्तर आलं. "मिळाला. निम्मा मजकूर अनावश्यक आहे. काढून सोमवारी पाठव."

मुलीने डोकं टेबलावर टेकवलं. तिची आई हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली. वडिलांना भरून आलं. खुर्ची पुढे ओढत ते मायेने म्हणाले, "मी बघू का गं, काय नकोय ते?"

मायलेकींनी एकदमच लॅपटॉपवर हात ठेवले.