डोळे मिटून पाहिलेली घरं

अण्णा घर बघायला निघाले की दारापर्यंत डोळे उघडे असत. उंबरा ओलांडला की मिटत. मग एक हात भिंतीला लावून ते आत चालू लागत आणि घरमालक माझ्याकडे बघत राही. मी काय सांगणार? मलाच काही कळत नव्हतं.

आम्ही शहरातल्या छावणी भागात शेजारी. अण्णांच्या मालकाला घर पाडून इमारत बांधायची होती, दिवाळीच्या आत जागा सोडायची होती. स्कूटर माझी, म्हणून अण्णांना फिरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

हर्सूलला एक झकास घर होतं. भरपूर उजेड, शिवाय नळाला रोज पाणी. औरंगाबादेत आणखी काय हवं? अण्णा डोळे मिटून आत गेले, उजवीकडे वळले आणि धाडकन कपाटावर आपटले. कपाळ चोळत म्हणाले, "घर चांगलं हाय मास्तर, पण हिसाब जमत नाय."

कसला हिसाब, ते सांगत नसत. मला आधी वास्तुशास्त्राचा संशय आला, मग त्यांच्या डोक्याचा. उजेडाचं कौतुक केलं तर म्हणाले, उजेडाला काय करायचंय?

शेवटी मागच्याच गल्लीतलं एक अंधारं, ओल आलेलं घर त्यांनी पसंत केलं. मी वैतागलोच. सामान लावताना मी बाज खिडकीपाशी टाकली, तर अण्णांनी ती मुकाट्यानं ओढून दाराच्या डावीकडे नेली. स्वयंपाकघरातली फळी काढून पुन्हा ठोकली. सगळं जुन्या घरासारखं.

मग अण्णांची बायको, आमच्या काकू, आल्या. मी वाटेतच गप्प उभा होतो. त्या अगदी माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"कोण हाय?"

इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो, पण दारातून हाक मारूनच आत जायचो. त्या नावानं विचारपूस करायच्या. काकूंना दिसत नाही हे मला कधी उमगलंच नाही. कसंबसं म्हणालो, मी, मास्तर.

"बसा, चहा ठेवते." भिंतीला बोटं लावून त्या उजवीकडे वळल्या. अण्णा खुर्चीत डोळे मिटून कान देऊन बसले होते. काडी ओढल्याचा आवाज आला तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले.

काकूंनी कप त्यांच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "उजेड येतो का हो घरात?"

अण्णांनी त्या अंधाऱ्या खोलीत एकवार पाहिलं.

"लई येतो," ते म्हणाले.