भालेरावकाका आणि वाईट लहरी

भालेरावकाका मोबाइल कधी कानाला लावत नसत. झुरळाची मिशी धरावी तसा दोन बोटांत धरून, हात लांब करून स्पीकरवर ओरडत. त्यामुळे सातपूरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला त्यांच्या पोटाचे हाल ठाऊक होते.

"लहरी आहेत लहरी! दिसत नाहीत म्हणून माणूस फसतो," हे त्यांचं पालुपद. समोरच्या मोबाइल टॉवरकडची खिडकी बारा महिने बंद. आमच्याकडे मायक्रोवेव्ह सुरू झाला की चहा अर्धा टाकून जिन्यात जाऊन उभे राहायचे. आणि हेच गृहस्थ भर दुपारी गच्चीवर उघड्या डोक्याने बसत.

मी एकदा म्हटलं, "काका, मोबाइलच्या लहरी दुबळ्या हो. पेशी मोडायची ताकद नाही त्यांच्यात. कातडीला खरा धोका या उन्हातल्या अतिनील किरणांचा."

"सूर्य देव आहे," ते म्हणाले. "टॉवरला कोणी अर्घ्य देतं का?"



मग काकांच्या बायकोचा, मालतीकाकूंचा, जुना कॅन्सर हाडांत उतरला. बरं होण्यासारखं काही राहिलं नव्हतं. निदान दुखणं कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. मला वाटलं, काका आता काकूंना वेगळ्या खोलीत ठेवणार. झालं उलटंच. त्यांनी दोघांचे पलंग माझ्याकडून जोडून घेतले. काकूंचा उष्टा चहा पिऊ लागले.

"अहो, सरका जरा, उकडतंय," काकू चिडायच्या. काका सरकत नसत.

हॉस्पिटलात दोघांना गाडीने मीच न्यायचो. रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी काकांनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "हिच्या अंगात किती किरण साठले असतील?"

"अजिबात नाही. किरण जोरदार असतात, पेशी मारतात. पण मशीन बंद की किरण बंद. अंगात काही उरत नाही."

"मी रोज शेजारी झोपलो, तरी?"

"तरी. तुम्हाला काही होणार नाही. निर्धास्त राहा."

काकांचा चेहरा पडला. बाहेर येऊन ते बाकावर बसले.

"मला वाटलं होतं," ते मला म्हणाले, "थोडं थोडं माझ्यातही येत असेल. बरोबरच निघू."

तेवढ्यात काकूंना व्हीलचेअरवरून बाहेर आणलं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

काका खाली वाकून त्यांच्या पायात चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "मला काही होणार नाही म्हणाले."

काकूंनी त्यांच्या टकलावर हात ठेवला.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तेवढाच एक घोर होता जिवाला."